ट्यूब आधी, निदान नंतर : नागझिऱ्याभोवतीच्या त्वचारोगांचा मागोवा

१९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी अशा जंगलाला लागून असलेल्या गावांत अंगाला खाज सुटली की पहिला उपाय घरचाच असे. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, करंजाचं तेल, आणि इसब जुनाट असेल तर बिब्बा. पहिल्या दोहोंनी फारसं बिघडत नसे. बिब्ब्याचं मात्र तसं नव्हतं. त्याचा चीक कातडी जाळतो. मधोमध काळा ठिपका, भोवती पाण्याने भरलेले फोड आणि चीक ओघळला तिथवर काळपट रेघ दिसली, की अनुभवी डॉक्टर न विचारताच ओळखत. मूळ इसब राही बाजूला, आधी बिब्ब्याची जखम निस्तरावी लागे.

हायड्रोकॉर्टिझोन या स्टिरॉइडचं मलम इसबावर गुण देतं, हे अमेरिकेत १९५२ मध्ये दिसून आलं. साठच्या दशकात बीटामेथासोन आलं, पुढे त्याहून जहाल क्लोबेटॅसॉल. इसबाच्या रोग्यासाठी हे वरदानच होतं, आणि आजही आहे. रात्र रात्र खाजवणारं पोर दोन-तीन दिवसांत शांत झोपतं, ही किमया दुसऱ्या कशाने क्वचितच साधते. पण औषध खेड्यापर्यंत पोचलं आणि ते किती, कुठे, किती दिवस लावायचं हे मागेच राहिलं. खरं तर माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघेल एवढी मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. दोन तळहातांएवढ्या कातडीला ती पुरते. हे माप १९९१ पासून वैद्यकीय लिखाणात आहे. रोग्याच्या बोटावर रेघ काढून दाखवायला अर्धं मिनिट लागतं, तरी ती क्वचितच काढली जाते.

या भागात त्वचेचं निदान चुकण्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. पूर्व विदर्भ हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. अंगावरचा फिकट चट्टा इसबाचा असेल, पोरांच्या गालावर उमटतो तसा निरुपद्रवी असेल, नाहीतर कुष्ठरोगाचा असेल. फरक ओळखायला बहुतेकदा कापसाची वात पुरते. रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, वातीचं टोक चट्ट्यावर टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. चट्ट्यावर बोट आलं नाही तर पुढची दिशा ठरली. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, म्हणून नसाही चाचपायच्या. १९८३ पासून देशात बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं, पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत नवे रोगी सापडतच राहिले. अशा ठिकाणी बधिर चट्ट्याला इसब समजून महिनोन् महिने मलम दिलं, तर तेवढ्या काळात हाताची नस जाते आणि बोटं वाकतात.

१९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच सुमारास देशभर गजकर्णाने वेगळंच रूप घेतलं. आधी दोन आठवड्यांत जाणारा नायटा महिनोन् महिने हटेना, घरातल्या सगळ्यांना होऊ लागला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून अंगावरचे कपडे ओले ते ओलेच राहतात. कमरेला, जांघेत बुरशीला हवं ते सगळं मिळतं. त्यात मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब. खाज थांबते, गजकर्णाची ओळखीची कड पुसट होते, बुरशी पसरत राहते. मग ते इसबासारखंच दिसतं आणि पुन्हा तीच ट्यूब लिहून दिली जाते. मलेरियाच्या रक्तनमुन्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतोच. कडेची साल खरवडून काचेवर घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे आणि त्याच यंत्राखाली बुरशीचे धागे शोधायचे. ही सवय गावोगाव रुजली असती, तर कितीतरी कातड्या वाचल्या असत्या.

मुरुमांकडे तर बरीच वर्षं कुणी रोग म्हणून पाहिलंच नाही. वयाचं आहे, जाईल आपोआप, असं घरचे म्हणत आणि पुष्कळदा डॉक्टरही. मग कॉलेजातली मुलगी मैत्रिणीने सांगितलेली, गोरं करणारी म्हणून विकली जाणारी स्टिरॉइडची ट्यूब चेहऱ्याला लावते. आठवडाभर चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की मुरुमं दुपटीने उसळतात. खरा उपचार स्वस्त आहे, फक्त संथ. बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री वाटाण्याएवढं अडापॅलीन, गरजेपुरतं डॉक्सिसायक्लिन, आणि किमान आठ ते बारा आठवड्यांचा धीर. एवढं पहिल्याच भेटीत सांगितलं नाही, तर रोगी पंधरा दिवसांत औषध सोडून देतो.

२०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्वचेसाठी दर वेळी नागपूर गाठण्याचं कारण कमी झालं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांना असलेली सवलत काढली आणि ती चिठ्ठीशिवाय विकणं नियमाबाहेर गेलं. नियम चांगला आहे, अंमल ढिला आहे.

वाचकांकडे एकच मागणं. त्वचेसाठी डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, संपलेली असली तरी, पिशवीत टाकून न्या. आणि चट्टा बधिर वाटत असेल तर मेडिकलच्या आधी आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं.