घट कुठे गेली?

ओळख पदार्थाची : भाग ९

या आठवड्यात ऊर्जेकडे वळायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. हिंगणघाट तालुक्यातल्या सहावीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे आणि तिचं समाधान झाल्याशिवाय ऊर्जेला हात लावणं बरोबर नाही.

ती लिहिते, की वेचून आणलेला कापूस त्याच संध्याकाळी घरी काट्यावर घातला तर बरोबर १ क्विंटल भरला. तोच कापूस पंधरा दिवसांनी विकायला काढला तेव्हा साडेत्र्याण्णव किलो भरला. दोन्ही वेळा काटा घरचाच, आणि तिने स्वतः आकडे वहीत लिहिलेले. आजी म्हणाली, घट आली. बाबाही म्हणाले, घट आली. पण हिने आपला चौथा भाग वाचला होता. ‘वस्तुमान नाहीसं होत नाही असं तुम्हीच लिहिलं होतं. मग आमचे साडेसहा किलो कुठे गेले?’

मला हा प्रश्न फार आवडला. ‘घट आली’ म्हटलं की मोठ्या माणसांचं समाधान होतं. हिचं झालं नाही, कारण नाव दिल्याने वजन परत येत नाही.

आपल्याकडे सीतादही झालं की वेचणी सुरू होते. बाया सकाळीच ओटी बांधून शेतात जातात, तेव्हा फुटलेल्या बोंडांवर दव असतं. ते दव कापसाबरोबर ओटीत येतं, ओटीतून गाठोड्यात आणि गाठोड्यातून काट्यावर. पण खरी गंमत दवात नाही. दव पूर्ण उडाल्यावर, हाताला अगदी कोरड्या लागणाऱ्या कापसातही पाणी असतंच. कापसाचा धागा सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. हवेतली वाफ तो आपल्यात धरून ठेवतो. हवा दमट झाली की जास्त धरतो, कोरडी झाली की सोडतो. त्यामुळे कापसात नेमकं किती पाणी आहे, हे त्या दिवशीची हवा ठरवते.

आता हिशोब मांडू. समजा वेचलेल्या १०० किलो कापसात १४ टक्के ओलावा होता. म्हणजे १४ किलो पाणी आणि ८६ किलो कोरडा माल. पंधरा दिवसांत ओलावा ८ टक्क्यांवर आला. कोरडा माल ८६ किलोच राहिला, पण आता तो एकूण वजनाच्या ९२ टक्के आहे. ८६ ला ०.९२ ने भागा. उत्तर येतं ९३.५ किलो. पोरीचा आकडा हाच. कापसाचा एक तंतूही हरवलेला नाही. साडेसहा किलो पाणी वाफ होऊन हवेत गेलं आणि हवेला आपण काट्यावर घातलं नव्हतं.

शासकीय खरेदीत पूर्ण भावासाठी ८ टक्के ओलावा धरतात आणि १२ टक्क्यांच्या वर असलेला कापूस घेत नाहीत, त्यामागे हेच गणित आहे. ढिगात खुपसतात ते ओलावामापक यंत्रही पदार्थाच्या गुणधर्मावरच चालतं. कोरडा कापूस वीज जवळजवळ वाहू देत नाही, ओला थोडी वाहू देतो. त्या फरकावरून यंत्र आकडा दाखवतं.

पण वाफ उडाली हे माझ्या सांगण्यावरून का मानायचं? घरी करून बघा. थोड्या दमट कापसाचे दोन सारखे भाग करा. एक परातीत पसरा. दुसरा काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा. परात आणि बंद बरणी दोन्हींचं वजन नाजूक काट्यावर करून लिहून ठेवा. मग दोन्ही दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी परात हलकी झालेली असेल. बरणीचं वजन मात्र होतं तेवढंच, आणि आतल्या काचेवर पाण्याचे बारीक थेंब दिसतील. तेच परातीतून निसटलेलं पाणी, इथे कोंडलं गेलेलं.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नेमकं हेच केलं. भांडं बंद करायचं, आधी तोलायचं, आत जे घडायचं ते घडू द्यायचं आणि पुन्हा तोलायचं. लाकूड जळून राख उरते तेव्हा वस्तुमान गेल्यासारखं वाटतं, ते उघड्यावर जाळल्यामुळे. वायू निसटू दिले नाहीत तर वजन जुळतं. १७८९ च्या त्याच्या ग्रंथात हा नियम स्पष्ट मांडलेला आहे.

कापसाचा पुढचा प्रवासही असाच तोलत जाता येतो. जिनिंगमध्ये एका क्विंटलमधून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. बेरीज केली की किलो-दोन किलो कमी पडतात. ती जिनिंगची घट : धूळ, पाला, कवडी आणि पुन्हा थोडं पाणी. नंतर प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. खोली भरून टाकणारा ढीग माणसाच्या कमरेएवढा होतो, पण वजन तेच. तिथे बाहेर गेली ती तंतूंमधली हवा. एवढं दाबूनही गाठीत हवाच जास्त असते. १७० किलो तंतूंना स्वतःला सव्वाशे लिटरही जागा लागत नाही आणि गाठ मात्र सुमारे चारशे लिटरची असते. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. पण सुटी रुई रेल्वेच्या डब्यात भरली तर वजनाच्या कितीतरी आधी जागा संपते, म्हणून दूर जाणाऱ्या रुईची गाठ बांधावीच लागते.

हे सगळं शिकायला प्रयोगशाळा लागत नाही, हा विचार आपल्याच जिल्ह्यातला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिने झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून नई तालीम उभी राहिली. हातातल्या कामातून, टकळीवरच्या सुतातूनही गणित आणि विज्ञान शिकवता येतं, ही गांधीजींची मांडणी होती. मला ती आजही पटते. ज्या मुलीने घरचा कापूस दोनदा तोलला, तिला वस्तुमानाचा नियम पाठ करावा लागणार नाही.

तिच्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ आहे : ओल्या कापसाच्या गंजीत हात घातला तर आत गरम का लागतं? तिथूनच पुढच्या आठवड्यात ऊर्जेची सुरुवात करू. उत्तर सरकीत आहे. सरकी म्हणजे जिवंत बी, आणि ओल मिळाली की ती श्वास घेते.

तोवर परात आणि बरणीचा प्रयोग नक्की करा आणि आकडे कळवा. दोन्ही वेळा काटा एकच वापरा. आणि घरात कुणी ‘घट आली’ म्हणालं, तर कशाची आली ते विचारा.