वैद्यकीय नोंदणीचे नूतनीकरण आणि विशेषज्ञता

आपल्याकडे एम.डी. ही पदवी आयुष्यभर टिकते. नूतनीकरण होते ते केवळ नोंदणीचे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारविनियमांनी 5 वर्षांत किमान 30 तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण अपेक्षिले. परंतु त्यात हजेरी मोजली जाते, ज्ञान नव्हे. अमेरिकेतील अंतर्गत वैद्यक मंडळाने 1990 पासून प्रमाणपत्रास 10 वर्षांची मुदत घालून पुनर्परीक्षा योजिली. 2022 पासून तिला तिमाही ऑनलाइन प्रश्नांचा पर्याय दिला. लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकास चर्चासत्रे घरापाशी मिळतात. अकोले तालुक्यातील एकट्या भूलतज्ज्ञास मात्र प्रत्यक्ष परिषदेसाठी जायचे तर त्या दिवशीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात. घरबसल्या सोडविता येणारे, त्याच्याच विषयावरील असे तिमाही प्रश्न त्याला अधिक उपयोगी ठरतील, असे वाटते.