मराठीतील नौकानयनविषयक शब्दसंग्रह

मराठीतील नौकानयनविषयक शब्दसंग्रह म्हणजे नौका, तिचे भाग, ती चालवणारी माणसे, वारा आणि भरती-ओहोटी यांच्यासाठी मराठीत रूढ असलेले शब्द. यांतील बहुतेक शब्द कोकण किनाऱ्यावरील कोळी, खारवी, भंडारी, गाबित इत्यादी समाजांच्या व्यवहारात घडले. देशावरील नद्यांवर वेगळी, लहान पण स्वतंत्र शब्दावली तयार झाली. शिडाच्या नौकांची जागा यंत्रनौकांनी घेतल्यामुळे यांतील अनेक शब्द रोजच्या वापरातून मागे पडले आहेत. काही मात्र वाक्प्रचारांत टिकून आहेत.

शब्दांचे मूळ

या शब्दसंग्रहात अनेक भाषांचे थर आढळतात. ‘नाव’ हा शब्द संस्कृत ‘नौ’ यापासून आला. ‘तर’, ‘तारू’, ‘तरणे’ आणि ‘तारणे’ हे शब्द पार जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ या धातूशी जोडलेले आहेत. अरबी समुद्रावरील व्यापारामुळे अरबी व फारसी शब्द मराठीत आले. ‘बंदर’, ‘दर्यावर्दी’ आणि ‘नाखवा’ (मूळ नाखुदा) हे फारसीतून, तर ‘सुकाणू’ (मूळ सुक्कान), ‘खलाशी’ आणि ‘गुराब’ हे अरबीतून आले. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’ यापासून बनला. इंग्रजी अमदानीत ‘बोट’, ‘लाँच’ हे शब्द रूढ झाले आणि वाफेच्या जहाजासाठी ‘आगबोट’ हा शब्द प्रचारात आला.

नौकांचे प्रकार

1697 च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराचे वर्णन करताना गुराब, तरांडे, गलबत, शिबाड, पगार अशी नावे येतात. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची मोठी लढाऊ नौका होती. गलबत तिच्याहून लहान व हलके असून शीड आणि वल्ही या दोन्हींवर चालत असे. शिबाड हे माल वाहून नेणारे मोठे जहाज होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे.

मासेमारी व किनाऱ्यालगतच्या वाहतुकीत मचवा, पडाव, होडी व डोंगी ही नावे चालत. दक्षिण कोकणात अरुंद होडीच्या एका बाजूस आडव्या काठ्यांनी तरंगता ओंडका जोडतात. होडीचा तोल सांभाळणाऱ्या या भागाला ‘उलांडी’ म्हणतात.

नौकेचे भाग

* नाळ – नौकेचे पुढचे टोक. मागील बाजूस पिछाडी म्हणतात.
* डोलकाठी – शीड उभारण्याचा उभा खांब.
* परबाण – डोलकाठीला टांगलेली, शीड बांधण्याची आडवी किंवा तिरपी काठी.
* शीड – वारा अडवून नौकेला गती देणारे कापड.
* सुकाणू – दिशा बदलण्यासाठी पिछाडीला बसवलेली फळी.
* वल्हे – हाताने नौका चालवण्याचे साधन. यावरून ‘वल्हवणे’ हे क्रियापद बनले.
* नीरम – रिकामी नौका कलंडू नये म्हणून तळाशी ठेवलेले वजन.
* नांगर – नौका एका जागी धरून ठेवणारे लोखंडी अवजड साधन.

नौकेचे लाकूड खाऱ्या पाण्यात टिकावे म्हणून कोकणात त्यावर उंडीच्या बियांचे तेल लावण्याची प्रथा आहे.

माणसे

नौकेचा मालक किंवा प्रमुख तो नाखवा व प्रत्यक्ष समुद्रावर तिचे नेतृत्व करणारा तो तांडेल. सुकाणू धरणाऱ्याला सुकाण्या आणि इतर कामकऱ्यांना खलाशी म्हणतात. आगबोटींवरील खलाशांच्या प्रमुखास सारंग म्हणत. नदीवर नाव चालवणारा तो नावाडी.

वारा आणि भरती

रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे वारे ‘मतलई’, तर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे वारे ‘खारे’ होत. शिडाच्या होड्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परतत. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ‘उधाणाची’, तर अष्टमीच्या सुमारास येणारी लहान भरती ‘भांगाची’ म्हणवली जाते. खाडीच्या उथळ मुखातून नौका केव्हा आत घ्यावी हे या फरकावरून ठरत असल्याने, एकेका शब्दात तिथीचे व पाण्याच्या खोलीचे ज्ञान साठलेले असते.

देशावरील शब्द

समुद्रापासून दूरच्या भागात काही शब्दांचे अर्थ बदलतात. हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा परिसरासारख्या शेतीप्रधान भागात ‘नांगर’ म्हणजे जमीन नांगरण्याचे औत. हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’ यापासून, तर नौकेचा ‘नांगर’ फारसी ‘लंगर’ यापासून आला. दोन्हींची मुळे वेगळी असली तरी मराठीत त्यांचे रूप एकच झाले. त्यामुळे ‘नांगरणे’ या क्रियापदाचा अर्थ शेतात एक आणि बंदरात दुसरा होतो.

पैनगंगा, पूर्णा, गोदावरी या नद्यांवर शिडापेक्षा नाव, डोंगा, तराफा आणि सांगड यांचा उपयोग अधिक होता. नांदेड येथील ‘नावघाट’ या नावात नदीवरील नावांची आठवण राहिली आहे. पाण्यावर तरंगण्यासाठी एकत्र बांधलेले वाळके भोपळे किंवा जोडलेल्या होड्या म्हणजे ‘सांगड’. दोन गोष्टींचा मेळ बसवणे या अर्थाचा ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला.

सद्यस्थिती

‘सूत्रे हाती घेणे’ या अर्थी ‘सुकाणू हाती घेणे’, ‘उत्साहाला उधाण येणे’, ‘पैलतीर गाठणे’ हे प्रयोग समुद्र न पाहिलेले मराठी भाषकही सहज करतात. याउलट परबाण, नीरम यांसारखे शब्द त्या वस्तूंबरोबरच दुर्मीळ होत आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, 1857) आणि दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (1932–1938) नौकानयनाचे अनेक शब्द नोंदलेले आहेत. जुनी बखर, कागदपत्रे किंवा कोळीगीते वाचताना त्यांचा अर्थ लावण्यासाठी हे कोश उपयोगी पडतात.