पाफुरीचे हत्ती आणि माकुलेकेंची जमीन

क्रुगर म्हटले की सिंह, हे दूरदर्शनवर पाहून आपल्या मुलांनाही पाठ झालेले असते. दक्षिण आफ्रिकेतील या राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी उत्तर टोकाला, पाफुरी भागात, आम्ही मुलांसह दिवसभर हिंडलो. सिंह काही दिसला नाही. तरीही लिहायचे ते याच भागाविषयी.

१९२६ साली स्थापन झालेले हे उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या जिल्ह्याहूनही मोठे आहे. स्वतः मोटार चालवीत फिरता येते. मात्र ठरवून दिलेल्या जागेखेरीज खाली उतरायचे नाही आणि अंधारापूर्वी फाटक गाठायचे, ही शिस्त कडक.

लुवुव्हू नदीवर आम्ही तासभर थांबलो. पाण्यात खडक वाटले ते पाणघोडे निघाले. पलीकडे हत्तिणी पिलांना मध्ये घेऊन पाणी पीत होत्या. काठावर पिवळट-हिरव्या सालीची, बाभळीसारखी झाडे आहेत. गोरे लोक त्यांना तापाचे झाड म्हणत. ताप यायचा दलदलीतल्या डासांमुळे, बदनाम झाले झाड! गोरखचिंचेचे अजस्र वृक्षही येथलेच. वसईच्या किल्ल्यात आहे तीच जात. पुढे ही नदी लिम्पोपोला मिळते. त्या संगमावर उभे राहिले की समोर झिंबाब्वे आणि मोझांबिक.

ही सारी जमीन माकुलेके लोकांची. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने सुमारे ३,००० माणसांना बंदुकीच्या धाकाने येथून हुसकले. आपली घरे त्यांना आपल्याच हातांनी जाळायला लावली. जनावरांना जागा आहे, काळ्या माणसाला नाही! गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९९४ साली ती राजवट गेली. माकुलेकेंनी दावा लावला आणि १९९८ साली सुमारे २४,००० हेक्टर जमीन पुन्हा त्यांच्या नावावर झाली.

त्यांनी प्राण्यांना हाकलले नाही. शेती नाही, खाण नाही, जमीन वन्यप्राण्यांसाठीच राखायची, असा करार झाला. कारभार उद्यानाच्या जोडीने चालतो. पर्यटक-निवासांचे भाडे समाजाच्या संस्थेकडे येते, काही तरुणांना तेथे नोकऱ्याही मिळाल्या. मात्र वाडवडिलांच्या जागी घर बांधून राहता येत नाही. १९६९ साली जेथे नेऊन टाकले तेथेच गाव आहे. ही किंमत लहान आहे असे आम्हाला वाटत नाही.

परतताना हत्तींचा कळप रस्त्यात आडवा आला. मोटार बंद करून आम्ही वीस मिनिटे गप्प बसलो. एक पिल्लू सारखे मागे राही आणि त्याची आई सोंडेने त्याला पुढे ढकली. मुले सिंहाला विसरून गेली.