दुखणे एकीकडे, दोष दुसरीकडे

संगीतशिक्षकाने खांदेदुखीवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण ज्या घरांतून अजून संध्याकाळी पेटीचा सूर ऐकू येतो, त्या घरांशी या दुखण्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून हे धारिष्ट.

माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारात बैठक मोडायची नाही, ही त्यांची शिस्त. तीच त्यांनी मला लावली. अखेरच्या काही वर्षांत त्यांची मान आणि उजवा खांदा इतका धरला, की तंबोरा हाती घेणेच त्यांनी सोडले. "वय झालं," असे ते म्हणत आणि आम्हीही ते खरे मानले. चाळिशी ओलांडल्यावर तेच दुखणे माझ्या खांद्यात आले, तेव्हा मात्र मनात चर्र झाले. रोज पाच-सहा तास पेटीवर शिकवण्या. हातच उचलेना, तर संसार कशावर चालावा?

लेप झाले, शेक झाला, गोळ्या झाल्या. खांदा चोळून घेतला की दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा ठणका. अखेर एका स्नेह्याने मला गावातल्याच एका गृहस्थांकडे नेले. त्यांचे लहानपण तालमीत गेलेले. पुढे त्यांनी फिजिओथेरपीची पदवी घेतलेली. हाताने उपचार करण्याची विद्या आपल्या बडोद्याला नवी नाही. जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांचा लौकिक जसा व्यायामशिक्षक म्हणून, तसाच हाडे बसवणारे म्हणूनही होता, हे जुन्या घरांना सांगायला नको.

गृहस्थांनी आधी बारकाईने चौकशी केली. हाताला मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, छातीत दडपण येते का, ताप असतो का, कुठे पडलात का? यांतले काही असते, तर आधी डॉक्टरांकडेच पाठवले असते, असेही सांगितले. मग म्हणाले, "मास्तर, आता पेटीपुढे बसता तसे बसून दाखवा."

मी बसलो. ते खांद्याकडे पाहीनातच! त्यांनी माझा डावा घोटा हातात घेतला. पूर्वी तो जोरात मुरगळला होता आणि पुरता वळत नव्हता. त्यामुळे मी वर्षानुवर्षे एकाच बाजूने मांडी घालत होतो. खुब्याचे सांधे आखडलेले, म्हणून गुडघे वर आणि कंबर मागे कललेली. कंबर कलली की पाठीला पोक येतो, छाती खचते आणि डोके पुढे जाते. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो. ते तोलायचे कोणी? मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी! त्यात डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि धड सदाचे वळलेले.

माझ्या ध्यानात चटकन आले. तंबोऱ्याची तार नीट बोलत नाही, तेव्हा आपण नुसती खुंटी पिळत बसत नाही. घोडी पाहतो, जवारीचा दोरा पाहतो, मणी सरकवतो.

दुखते एके ठिकाणी आणि मूळ दुसरीकडे, ही नुसती कल्पना नव्हे. केलग्रेन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्नायूंत खारे पाणी टोचून पाहिले आणि वेदना टोचल्या जागेपासून दूरही जाणवते, हे 1938 साली प्रसिद्ध केले. शरीर एकसंध आहे, या तत्त्वावर अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 साली कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपथीची शाळा काढली होती. हाडे-सांधे दाबून सर्वच रोग हटतील, हा त्यांचा विश्वास पुढे टिकला नाही. पण सांधेदुखीत सबंध माणूस तपासावा, ही दृष्टी मात्र राहिली.

गृहस्थांनी आधी घोटा आणि खुबे मोकळे केले, मग बरगड्या, आणि सर्वांत शेवटी मान, तीही हलक्या हाताने. मानेला हिसका देणाऱ्यांपासून दूर राहा, असे ते बजावतात. "हातानं मी फक्त दार उघडतो," ते म्हणाले. "हा आराम थोड्या दिवसांचा. पुढचं चालणं तुमचं." त्यांनी रोजचा व्यायाम लावून दिला. बैठकीखाली घोंगडीची चार बोटे उंच घडी, म्हणजे गुडघे कमरेखाली येतात. पेटी पाटावर. मांडी आलटून पालटून, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले.

तीन महिने लागले. खांदा पूर्ण बरा झाला असे म्हणत नाही. अजून थंडीत कुरकुरतो. पण शिकवण्या चालू आहेत.

राहून राहून वडिलांची आठवण येते. त्यांच्या दुखण्याला वयाचे नाव देऊन आम्ही मोकळे झालो. त्यांच्या बैठकीखाली एक घोंगडीची घडी सरकवून पाहावी, हे कोणालाच सुचले नाही. त्याने गुण आला असता की नाही, देव जाणे. पण पाहायला हवे होते.

आता नवा विद्यार्थी आला, की षड्ज लावण्यापूर्वी मी तो बसतो कसा, हे पाहतो. बैठक मोडायची नाही, असे मी कोणाला सांगत नाही.