अंधेरीतला एक्कावन्नावा गोल

२१ जानेवारी २०२२. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात आशियाई महिला चषकाचा सामना चालला होता आणि बघायला कुणी नव्हतं. करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे प्रेक्षकांना प्रवेश बंद. त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी इंडोनेशियावर अठरा गोल चढवले. इंडोनेशियाचा एकही नाही. अठरांतले पाच गोल एकट्या कर्णधाराचे, सॅम करचे. (नावाचा उच्चार ‘कर’. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘केर’ लिहिण्याचा मोह मराठी माणसाने तरी आवरावा.)

सामन्याआधी तिच्या नावावर देशासाठी ४९ गोल होते. पहिल्या गोलाने ती पुरुष संघातल्या टिम केहिलच्या पन्नासाशी बरोबरीला आली, दुसऱ्याने पुढे निघून गेली. पुरुष असो वा स्त्री, ऑस्ट्रेलियाकडून सगळ्यात जास्त गोल करणारी व्यक्ती म्हणून तिचं नाव लागलं ते अंधेरीत. आपल्या सुरतेहून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर. आणि कलकत्त्यात जन्मलेल्या एका माणसाची ही मुलगी.

योगायोग असा, की ज्याचा विक्रम मोडला तो केहिलही दोन घरांचा. वडील इंग्रज, आई सामोआची. चौदाव्या वर्षी तो सामोआच्या युवा संघाकडून खेळला आणि त्या कोवळ्या वयातल्या सामन्यांनी त्याला पुढे दहा वर्षं अडकवून ठेवलं. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, फिफाचा, नियम तेव्हा कडक होता: एका देशाची जर्सी घातली की दुसऱ्याची नाही. २००४ मध्ये नियम सैल झाला, तेव्हा कुठे तो ऑस्ट्रेलियाकडून उतरला. सॅमला असली अडचण कधी आली नाही. तिच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता.

सॅमचा जन्म १० सप्टेंबर १९९३ चा, पर्थजवळच्या ईस्ट फ्रीमँटलचा. वडील रॉजर अँग्लो-इंडियन; त्यांचे वडील इंग्रज मुष्टियोद्धे, आई बास्केटबॉल खेळणारी भारतीय. सॅमची आई रॉक्सॅन ऑस्ट्रेलियन, तीही खेळाडूंच्या घरातली. रॉजर स्वतः ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ खेळले. अंडाकृती चेंडूचा, हातापायांनी खेळायचा, धसमुसळा खेळ. थोरला भाऊ डॅनियल त्याच खेळातला नावाजलेला. २००६ मध्ये वेस्ट कोस्ट ईगल्सने विजेतेपद मिळवलं त्या संघात तो होता. सॅमही बाराव्या वर्षापर्यंत मुलांबरोबर हेच खेळायची. पुढे मुलींसाठी वाटच नव्हती. बायकांची व्यावसायिक लीग त्या खेळात आली २०१७ मध्ये. तोवर सॅम फुटबॉलमध्ये जगभर माहीत झाली होती. म्हणजे ती फुटबॉलकडे वळली ती आवडीपेक्षा नाइलाजाने. उडी मारून हवेत चेंडू गाठण्याची तिची सवय मात्र त्या जुन्या खेळातलीच, असं तिचे हेडर बघताना वाटत राहतं.

पंधराव्या वर्षी पर्थ ग्लोरी क्लबकडून खेळायला लागली आणि पंधराव्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, देशाकडूनही.

२०१३ ते २०१९ ती अक्षरशः दोन उन्हाळ्यांत जगली. ऑस्ट्रेलियातल्या लीगचा हंगाम आपल्याकडच्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत, अमेरिकेतल्या लीगचा वसंतापासून शरदापर्यंत. बायकांच्या फुटबॉलमध्ये पैसा इतका बेताचा, की अनेकजणी एक हंगाम संपला की बॅग भरून दुसऱ्या गोलार्धात. विश्रांती नावाची गोष्ट नाही, दुखापत झाली तर दोन्हीकडचं काम बुडणार. सॅम न्यूयॉर्क राज्यातल्या फ्लॅशकडे, मग न्यू जर्सीच्या स्काय ब्लूकडे, मग शिकागोकडे खेळली. मधल्या काळात सिडनी आणि पर्थ. ऑगस्ट २०१७ मध्ये सिएटलविरुद्ध स्काय ब्लू ०–३ असे मागे पडले होते. सामना संपला ५–४. चार गोल सॅमचे. अमेरिकेतल्या त्या लीगमध्ये एका सामन्यात चार गोल त्याआधी कुणी केले नव्हते. गोल झाला की ती मैदानावर उलटी कोलांटी मारायची. ऑस्ट्रेलियातल्या किती मुलींनी घराच्या अंगणात ती करून बघताना मान लचकवून घेतली असेल, देव जाणे.

२०१९ च्या विश्वचषकात तिने ग्रेनोबल इथे जमैकावर चार गोल केले आणि त्याच वर्षअखेर लंडनच्या चेल्सीने तिला करारबद्ध केलं. तिथे २०२०–२१ मध्ये २१ आणि पुढच्या हंगामात २० गोल करून ती दोन्ही वेळा लीगमधली सर्वाधिक गोल करणारी ठरली. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंड. तीन खंडांतल्या तीन लीगमध्ये हा मान मिळवणारी पहिलीच. इंग्लंडच्या एफए चषकाच्या सलग तीन अंतिम सामन्यांत चेल्सी जिंकली आणि तिन्हींत तिचे गोल. २०२३ चा तो सामना वेम्बलीवर ७७,३९० जणांनी पाहिला. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या बॅलन डी’ऑरच्या मतदानात ती दोनदा तिसरी, एकदा दुसरी.

आता परत जानेवारी २०२२ कडे. ती स्पर्धा भारतात, म्हणजे नेमकं सांगायचं तर मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली होती. यजमान भारताने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०–० अशी बरोबरी केली आणि २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध खेळायला तेरा मुलीही उभ्या करता आल्या नाहीत, इतक्याजणी करोनाबाधित. नियमाप्रमाणे माघार. घरच्या स्पर्धेत एक सामना खेळून बाहेर. २६ जानेवारीला, आपल्या प्रजासत्ताक दिनी, ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिवस असतो. त्या दिवशीच्या सन्मानयादीत सॅमला ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चं पदक जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी अंधेरीत थायलंडविरुद्ध तिने आणखी एक गोल केला. ३० तारखेला पुण्यात बालेवाडीला दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १–० हरवून घरी पाठवलं. शेवटच्या काही मिनिटांत तो गोल मारला जी सो-युनने, सॅमच्याच चेल्सीतल्या सहकारी खेळाडूने. स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांचं बक्षीस मात्र सात गोल करणाऱ्या सॅमकडे गेलं.

तिच्या वडिलांच्या देशात ती खेळली आणि देशाला कळलंही नाही. त्याचा दोष करोनाला अर्धाच.

सुरतेच्या वाचकाला ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्द कलकत्त्याचा किंवा मुंबईच्या भायखळ्याचा वाटेल. पण या कहाणीचं पहिलं पान सुरतेत उलटलं. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स हा इंग्रज ‘हेक्टर’ जहाजातून इथल्या बंदराशी लागला, तिथून आग्ऱ्याला जहांगीरच्या दरबारात गेला आणि बादशहाने त्याचं लग्न एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी लावून दिलं. पुढे सुरतेत इंग्रजांची वखार झाली. १६६४ मध्ये शिवाजी महाराज चालून आले तेव्हा ती वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन इथल्याच इंग्रजी कबरस्तानात, भावाच्या शेजारी, एखाद्या नवाबाला शोभेल अशा घुमटाखाली निजला आहे. १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं पश्चिमेकडचं ठाणं सुरतेहून मुंबईला गेलं. त्याच वर्षी लंडनच्या संचालकांनी मद्रासला कळवलं की शिपायांनी देशी बायकांशी लग्नं करावीत, मूल झालं तर आईला बक्षिसी द्यावी. शंभर वर्षं उलटली आणि वारं फिरलं. १७९१ मध्ये कंपनीने याच मिश्र मुलांना आपल्या वरच्या नोकऱ्यांची दारं बंद केली. मग रेल्वे, तारखातं, कस्टम ही त्यांची ठरलेली ठिकाणं.

स्वातंत्र्य जवळ आलं तसं अनेकांनी बस्तान उचललं. ‘मनूरा’ हे ऑस्ट्रेलियन जहाज सातशेहून अधिक अँग्लो-इंडियन प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि फ्रीमँटलच्या धक्क्याला लागलं ते १५ ऑगस्ट १९४७ ला! पण ऑस्ट्रेलियाला गोरे हवे होते. उतरलेल्यांपैकी कित्येकांचे चेहरे अपेक्षेपेक्षा सावळे निघाल्यावर तिथल्या सरकारने पुढच्यांसाठी चाळणी बारीक केली. युरोपीय रक्त किती आणि रंग किती उजळ, हे बघून दार उघडायचं किंवा लावायचं. हे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण पुरतं मोडायला १९७३ उजाडलं. त्याच फ्रीमँटलच्या शेजारी पुढे सॅम जन्मली.

रंगाचा हिशेब तिच्याही वाट्याला आला, पण उलट्या बाजूने. ३० जानेवारी २०२३ च्या पहाटे लंडनमध्ये टॅक्सीवरून झालेला वाद ट्विकनहॅमच्या पोलीस ठाण्यात पोचला आणि तिथे तिने एका पोलिसाला ‘मूर्ख आणि गोरा’ म्हटलं. गुन्हा दाखल झाला: वांशिक द्वेषातून छळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये खटला उभा राहिला. शब्द तिने नाकारले नाहीत. बोलण्याच्या पद्धतीबद्दल खेद व्यक्त केला. स्वतःची ओळख तिने ‘श्वेत अँग्लो-इंडियन’ अशी सांगितली. ११ फेब्रुवारीला ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. ऑस्ट्रेलियातल्या कित्येकांना आपल्या कर्णधाराचं मूळ भारतात आहे हे त्या खटल्याच्या बातम्यांतून पहिल्यांदा समजलं. पोलिसाशी तशी भाषा शोभत नाही, हे खरंच. पण अर्ध्या वारशाची माणसं आपला रंग स्वतः ठरवू शकत नाहीत, समोरचा ठरवतो, हे त्या कोर्टात फार स्वच्छ दिसलं.

आपल्याकडे अशा वेळी ‘शेवटी रक्त भारतीय’ असा एक सुस्कारा निघतो. त्या रक्ताला पर्थमध्ये शाळेमागचं मैदान, मुलींना घेणारा क्लब आणि पंधराव्या वर्षी संधी देणारा प्रशिक्षक मिळाला, हे त्या सुस्काऱ्यात नसतं. आणि समजा तिला भारताकडून खेळायचंच असतं, तर? फिफाची हरकत नसती. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाचा जन्म त्या देशातला असला की नातं पुरेसं धरतात. मात्र त्या देशाचं नागरिकत्व हवंच. आडवा आला असता आपला कायदा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशस्थ भारतीयांना २००५ पासून मिळणारं ओसीआय कार्ड जमीनजुमल्यापुरतं, येण्याजाण्यापुरतं उपयोगी. देशाची जर्सी घालायला भारतीय पासपोर्टच लागतो, हे सरकारने २००८ पासून पक्कं केलं आहे.

या नियमाचा फटका तन्वी हन्सला बसला. ती दिल्लीत वाढली, आईकडून अँग्लो-इंडियन, हातात ब्रिटिश पासपोर्ट. टॉटनहॅम आणि फुलहॅमच्या महिला संघांकडून खेळून ती भारतात परतली, इथल्या क्लबांकडून खेळत राहिली. ऐन उमेदीच्या वर्षांत भारताचा निळा सदरा मात्र पासपोर्टपायी दूर राहिला. उलट नीलकंठ खंभोलजाने सोडायचं ते सोडलं. त्याचे वडील गुजराती, आई जपानी; जपानमध्ये त्याला अराता इझुमी म्हणत. महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसी इथे खेळता खेळता त्याने जपानी पासपोर्ट टाकून भारतीय घेतला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला.

आणि रायन विल्यम्स. पर्थचाच; २८ ऑक्टोबर १९९३ चा, म्हणजे सॅमपेक्षा दीड महिन्याने लहान. आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. बेंगळुरू एफसीसाठी खेळणाऱ्या रायनने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडलं आणि भारतीय घेतलं. गंमत अशी, की आपल्या संविधानाच्या ३६६व्या अनुच्छेदातली ‘अँग्लो-इंडियन’ची व्याख्या फक्त पित्याच्या बाजूचा युरोपीय पूर्वज मोजते. आईकडून आलेला वारसा त्यात बसतच नाही.

सुरतेतल्या लिंबायत, उधना, पांडेसरा इथल्या मराठी घरांना ही कसरत थोडी ओळखीची वाटेल. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, कारखान्यात हिंदी; गाव कुठलं विचारलं तर कुणी धुळे सांगतं, कुणी सुरत. फरक इतकाच, की इथे दोन्ही उत्तरं देता येतात आणि कुणी कागद परत मागत नाही. इथल्या एखाद्या मुलीला गुजरातच्या संघात जायला खानदेश सोडून द्यावा लागत नाही.

सॅमचं पुढचं थोडक्यात. २०२३ मध्ये घरच्या विश्वचषकाआधी पोटरी दुखावली. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध तिने पंचवीसेक यार्डांवरून मारलेला गोल सिडनीतल्या ७५ हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. ऑस्ट्रेलिया तरीही १–३ हरली. जानेवारी २०२४ मध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. वीस महिने बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये ती चेल्सीसाठी परतली आणि त्याच सामन्यात गोल केला.

त्याआधी ५ जुलै २०२५ ला चिआंग माईत भारताच्या मुलींनी थायलंडला २–१ हरवलं होतं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ही पश्चिम बंगालची. महिला आशियाई चषकासाठी भारत पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून दाखल झाला. मार्च २०२६ च्या त्या स्पर्धेचं यजमानपद ऑस्ट्रेलियाकडे होतं. वेळापत्रक निघालं तेव्हा भारताचे पहिले दोन गटसामने, व्हिएतनाम आणि जपानविरुद्धचे, ज्या शहराच्या वाट्याला आले ते पर्थ.