साठाव्या ओव्हरनंतरचं काम

लोणावळा लोकलने देहूरोडला उतरायचं, रिक्षा धरायची, की थोड्याच वेळात गहुंज्याचं स्टेडियम. आंतरराष्ट्रीय सामन्याला इथे सदतीस हजारांवर माणसं मावतात. रणजीच्या सकाळी मात्र सावलीतली हवी ती खुर्ची मिळते आणि विकेटकीपरचं ओरडणं वरपर्यंत ऐकू येतं. मला हे क्रिकेट फार आवडतं, कारण इथे गर्दीच्या आवाजाखाली एरवी दबून जाणारी कामं दिसतात.

त्यातलं एक काम फलंदाजी करून अधूनमधून ऑफस्पिन टाकणाऱ्याचं. साठाव्या ओव्हरपर्यंत तो स्लिपमध्ये नाहीतर कव्हरला उभा असतो. चेंडू मऊ पडलेला, वेगवान गोलंदाजांचे खांदे भरून आलेले, नव्या चेंडूला अजून वीस ओव्हर बाकी. दिवसाच्या नव्वद ओव्हर भरायच्या असतात आणि घड्याळ पुढे गेलेलं असतं. मग कप्तान त्याच्याकडे चेंडू टाकतो. टोपी पंचांच्या हातात जाते, चार पावलांचा रनअप, दोन-अडीच मिनिटांत ओव्हर संपते. त्याच्याकडून विकेटची अपेक्षा नसतेच. धावा अडव, दुसऱ्यांना दम खाऊ दे, एवढंच. ऐंशी ओव्हर झाल्या की नवा चेंडू येतो आणि हा परत स्लिपमध्ये. समोरचा संघ बाद झाला की तासाभरात हाच माणूस पॅड बांधून बसलेला दिसतो.

हे काम बघताना मला हटकून हृषिकेश कानिटकर आठवतो. डावखुरा फलंदाज, उजव्या हाताने ऑफस्पिन. वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे विकेटकीपर-फलंदाज, म्हणजे दुहेरी काम घरातच होतं. हृषिकेशचा जन्म १४ नोव्हेंबर १९७४चा. त्यानंतर आठच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, बंगळूरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध वडिलांची पहिली कसोटी सुरू झाली. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांचीही ती पहिलीच. हेमंत कानिटकरांनी पहिल्या डावात ६५ धावा केल्या, तरी कसोट्या त्यांच्या वाट्याला दोनच आल्या. पंचवीस वर्षांनी, १९९९-२०००च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, मुलालाही दोनच मिळाल्या.

लोकांना आठवतो तो ढाक्याचा चौकार. १८ जानेवारी १९९८, पाकिस्तानच्या ३१४ धावा, उजेड मावळत चाललेला, दोन चेंडूंत तीन हव्यात आणि समोर सकलेन मुश्ताक. हृषिकेशने चेंडू मिडविकेटकडे सीमेपार धाडला. तो फटका मलाही पाठ आहे. पण त्या एका चेंडूवर त्याची कारकीर्द मोजणं मला अन्यायाचं वाटतं. प्रथम श्रेणीचे १४६ सामने, दहा हजारांवर धावा, ३३ शतकं, सरासरी बावन्नच्या वर. बळी सत्तरीच्या घरात, म्हणजे साधारण दोन सामन्यांमागे एक. हा आकडा तोकडा वाटेल, पण स्कोअरबुकात बळींचा रकाना असतो. दुसऱ्याच्या खांद्याला मिळालेल्या विश्रांतीचा नसतो. साठ ते ऐंशी ओव्हरमधला खेळ उन्हात बसून पाहिला की तो हिशेब कळतो.

छत्तिशीत तो राजस्थानकडून खेळायला गेला. संघ तेव्हा प्लेट गटात, म्हणजे खालच्या पायरीवर. २०१०-११च्या मोसमात त्याच्या नेतृत्वाखाली राजस्थान तिथून वर चढत गेलं आणि बडोद्याला त्यांच्याच घरी मागे टाकून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकलं. पुढच्या वर्षी चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध तो राखला. दोन्ही अंतिम सामने पहिल्या डावातल्या आघाडीवर सुटले. तशी आघाडी मिळवायला पाच दिवस चिवटपणे खेळावं लागतं, आणि ते हृषिकेशला लहानपणापासून ठाऊक होतं. २०१५मध्ये तो निवृत्त झाला. २०२२मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक तोच होता.